सगळ्यांना हाच बसतो

२१ फेब्रुवारी २०१९

औरंगाबादच्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय, तपासणी होईपर्यंत झोपेची नोंद ठेवा. कधी पडलात, कितीदा उठलात, दिवसा कुठं डुलकी लागली. बारावी झाल्यापासून मी दुधाच्या फॅट-डिग्रीपलीकडं काही लिहिलेलं नाही. पण आज लिहिते. झोपेचं नाही, रागाचं. माझ्यापुरतं ते एकच आहे.

या महिन्याच्या सुरुवातीला आमच्या महिला दूध संस्थेची बैठक झाली. अध्यक्ष मी. बौद्धवाड्यातली बाई त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसली, तेव्हा गावात किती जणांची जेवणं कडू झाली ते मला ठाऊक आहे. विषय चारा छावणीचा होता. पाऊस झाला नाही, जनावरं दावणीला हाडं झालीत, अन् गावात पाणी असलेली बोअर एकच, आमच्या संस्थेच्या आवारातली. छावणी चालवायचं काम गावच्या आबासाहेबांना मिळणार, म्हणून त्यांना ती बोअर पाहिजे. ते संस्थेत नाहीत, पण त्यांची बायको तुळजाबाई संचालक आहे. मी ठरवून गेलते की छावणीला पाणी देऊ, पण चावी आपल्या हातात ठेवू.

सचिव उत्तरेश्वर अहवाल वाचायला लागले. पुढचं मला ठाऊक नाही. जाग आली ती हसण्यानं. मान खुर्चीच्या पाठीवर, तोंड उघडं, खांद्यावरचा पदर लाळेनं ओला. ठराव होऊन गेलेला. बोअर छावणीला, चावीसकट.

बाहेर आल्यावर छबुबाईला धरलं. ती संचालक आहे अन् माझी लहानपणापासूनची मैत्रीणही.

"मला कावून न्हाई उठवलं?"

"ताई, आमाला वाटलं तुमी डोळे मिटून ऐकायलाव. मंग घोरायला लागलाव. मी हात लावूस्तोवर सगळ्यांचे हात वर झालते."

तुळजाबाई पायात चप्पल घालत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "राखीव जागा लई मऊ आसती. झोप येणारच."

त्यांना मी काय म्हणायला पाहिजे होतं ते मला रोज नवीन सुचतं. त्या दिवशी डोकं ओल्या पोत्यासारखं जड होतं. त्या रागानं मी डॉक्टरकडं गेले. नाहीतर घोरण्यासाठी औरंगाबादची एसटी कोण धरतं?

२५ फेब्रुवारी

नोंद: नऊला पडले. चारदा उठले. सकाळी डोकं ठणकत होतं. केंद्रावर दूध मोजता मोजता डुलकी.

जाग येते तेव्हा शहादेव उंबऱ्यावर बसलेले असतात. काय करायलाव विचारलं तर म्हणतात, उकडायलंय. फेब्रुवारीत! अन् शेजारी झोपले तर कोपरानं ढोसतात. जरा कुठं खोल झोप लागली की बरगडीत ढुशी. झोप मोडायचं खरं कारण नवराच आहे, हे डॉक्टरबाईंना सांगणार आहे.

दिवसा मात्र स्वतः दुकानात खाट टाकून पसरतात. मोटारी रिवायंडिंगचं दुकान. विहिरी आटल्या, मोटारी चालत नाहीत, तर जळणार कुठून? पण म्हणून दारात गिऱ्हाईक उभं असताना घोरायचं?

५ मार्च

तपासणीचा निकाल आला. एक रात्र दवाखान्यात डोक्याला, छातीला वायरी लावून झोपवलं होतं. झोपेत माझा श्वास थांबतो. एकदा नाही, तासाला चाळीसच्या वर वेळा. घसा मिटतो, हवा बंद होते, मेंदू दचकून उठवतो, मला कळतही नाही. आठ तास अंथरुणात, झोप मात्र नाही.

डॉक्टरबाईंनी शहादेवना विचारलं, "श्वास थांबतो हे तुमच्या लक्षात आलं होतं का?" त्यांनी नुसती मान डोलावली अन् खिडकीबाहेर बघत बसले. असला घुम्या माणूस. चार शब्द बोलायला काय जातं?

उपाय म्हणजे एक मशीन. नळीतून हवा ढकलतं, ती मास्कमधून आत जाते, घसा उघडा राहतो. तोंड कोरडं पडतं असं मी सांगितलं होतं, म्हणून चिठ्ठीवर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लिहिला.

येताना बीडच्या दुकानातून घेतलं. दुकानदार मोबाईलमध्ये. माझ्याकडं त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. खोक्यातून मास्क काढला अन् काउंटरवर ठेवला.

मी म्हटलं, "मला मोठा वाटतोय."

"मॅडम, सगळ्यांना हाच बसतो. पट्टे आवळायचे."

चप्पल घ्यायची तरी पाय घालून बघतात.

७ मार्च

मास्क कपाळापासून हनुवटीखालपर्यंत जातो. आबासाहेबांच्या तोंडाला बसेल. माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी हवा सुटते ती थेट डोळ्यांत. गालाजवळून फुर्र फुर्र आवाज येतो, म्हैस नाक फेंदारते तसा. पट्टे आवळले. मग खालून हवा सुटली. आणखी आवळले. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ अन् डोळे तिखट लागल्यासारखे.

डोकं होतं तसंच ठणकत होतं.

१३ मार्च

नाकावरचं कातडं सोललं. हळद लावून केंद्रावर गेले तर तुळजाबाई म्हणाल्या, "काय हो अध्यक्षीणबाई, घरी मारहाण?" चार बायांसमोर. शहादेवनी आयुष्यात माझ्यावर हात उगारलेला नाही. पण लाल डोळे, नाकावर जखम, अन् मी बसल्या जागी पेंगते. बघणाऱ्यांनी काय समजायचं?

आज मास्क भिंतीवर फेकला. शहादेव उठले, उचलला, फडक्यानं पुसला अन् म्हणाले, "लाव की परत."

"तुमी लावा! तुमाला काय, उंबऱ्यावर निवांत बसताव!"

त्यांनी मास्क माझ्या उशाशी ठेवला. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलंय. दिवसभर झोपून काळं कसं येतं कोण जाणे. काल त्यांनी एका शेतकऱ्याच्या मोटारीची तार उलटी गुंडाळली, सगळी उकलावी लागली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. लक्ष कुठं असतं या माणसाचं?

मशीन आता कपाटात ठेवलंय. हवा ओलसर करायला त्याला एक टाकी असते, तीत घालायला पाणी कुठून आणू? टँकरचं पाणी घातलं तर तळाला पांढरी खार बसते. गावातल्या बाया घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरतात, अन् मी मशीनला डिस्टिल्ड वॉटर मेडिकलमधून आणते. हसतात. हसू द्या.

१९ मार्च



सकाळी छबुबाईला मागं बसवून स्कुटीवर तेलगावला निघाले. सरळ रस्ता, ऊन नीट वर आलेलं. मला आठवतं ते कापसाच्या पऱ्हाट्यांचं रान. मग एकदम आभाळ आडवं. आम्ही नालीत होतो. नाली कोरडी, दगडांनी भरलेली. छबुबाईच्या मनगटाचं हाड मोडलं.

ती ओरडली नाही. मोडका हात मांडीवर धरून मला म्हणाली, "ताई, तुमी झोपलताव."

मी होय म्हटलं.

दवाखान्यातून तिला घरी सोडलं अन् तिथूनच बीडच्या दुकानदाराला फोन लावला. मास्क बदलून द्या म्हटलं.

"मॅडम, सवय लागायला वेळ लागतो. लेडीज लवकर हार मानतात. जेन्ट्स लोक वापरतात की हाच."

फोन बंद केला नाही मी. रस्त्यावर उभं राहून त्याला जे बोलले ते वहीत लिहिण्यासारखं नाही. पलीकडं चहा पिणारे वळून बघायला लागले. त्यानंच फोन ठेवला.

हार मानतात म्हणे. छबुबाई एका हातानं दूध कसं काढणार ते त्यानं येऊन दाखवावं.

२७ मार्च

औरंगाबाद. मास्क, मशीन, नळी सगळं पिशवीत घालून नेलं.

डॉक्टरबाईंनी मशीनमधलं कार्ड संगणकाला लावलं अन् चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मनकर्णाताई, तुम्ही वापरतच नाही. लावलंत तरी दोन तासांत काढता. असं केलं तर उपचार कसा लागू पडेल?"

मला वाटलं होतं मी रडेन. पण मी उभी राहिले.

"माझं नाक बघा. बघा ना! तुमच्या मशीनला एवढं कळतं तर माझं कातडं सोललेलं कळलं न्हाई? हवा डोळ्यात जाती, तोंडात न्हाई. दुकानदार म्हणतो सगळ्यांना हाच बसतो. तुमी म्हणताव वापरत न्हाई. माझ्या मैत्रिणीचा हात मोडलाय. मी दोष कुणाकुणाचा घेऊ?"

दारातली नर्स आत डोकावली. डॉक्टरबाईंनी तिला हातानं थांबवलं. पुन्हा पडद्याकडं वळल्या, खाली सरकवलं, बराच वेळ बघितलं.

"हवा गळतेय. खूपच. हे मी आधी बघायला हवं होतं." मग म्हणाल्या, "तो मास्क दाखवा."

त्यांनी एक पुठ्ठ्याचा साचा माझ्या नाकावर धरला, गालावर धरला, हनुवटीपर्यंत नेला. "हा मोठ्या मापाचा आहे. तुमच्या चेहऱ्याला लहानच लागतो." पुढं जे विचारलं ते याआधी कुणीच विचारलं नव्हतं. "दिवसभर कुठे असता तुम्ही?"

सकाळी केंद्रावर, मग जनावरांच्या वैरणीत. उसाचं वाढं, कडब्याचा भुसा. त्यांनी नाकात बॅटरी लावून पाहिलं. नाक भुश्याच्या धुळीनं आतून सुजलेलं. म्हणून झोपेत तोंड उघडतं. नाक मोकळं केलं तर तोंड झाकणाऱ्या मास्कची गरजच नाही. उलट तो मोठा मास्क आवळला की हनुवटी मागं दाबली जाते, घसा आणखी अरुंद होतो अन् मशीनला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे जे उघडायला आणलं तेच मी पट्टे आवळून मिटवत होते!

"सवय लागत नाही असं पेशंट म्हणतो तेव्हा मास्क बघायचा असतो, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी मी पाहिला नाही. चूक माझी आहे."

डॉक्टर असं बोलतात हे मला माहीत नव्हतं. माझा राग उभाच होता, त्याला बसायला जागा सापडेना.

मग तीन मास्क आणले. कॉटवर आडवं झोपवलं, मशीन सुरू करून एकेक लावला. उभ्यानं बसतो तो आडव्यानं सुटतो म्हणे, गाल पसरतात. पहिला नाकाखाली टेकणारा, दोन मऊ बोंडं नाकपुड्यांत जाणारा. त्यानं गुदगुल्या झाल्या अन् शिंका आल्या. दुसरा बऱ्यापैकी, पण कुशीवर वळले की फुर्र. तिसरा नुसता नाकावर बसणारा, लहान, हलका. कुशीवर वळले. दुसऱ्या कुशीवर वळले. आवाज नाही. डोळ्यांत वारा नाही. पट्टे इतके सैल की खाली दोन बोटं जातील.

तिथंच डोळा लागला. नर्सनं उठवलं.

निघताना डॉक्टरबाईंनी शहादेवना विचारलं, "आणि तुम्ही कधी झोपता?"

"दुकानात. दिवसा."

त्यांनी शहादेवच्या डोळ्यांखालचं काळं बघितलं अन् म्हणाल्या, "आता तुम्हीही रात्री झोपा."

एवढ्या मोठ्या डॉक्टरसमोर दुकानात झोपतो हे सांगायची काय गरज होती? येताना गेवराईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

२ एप्रिल

लगेच जमलं असं नाही. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुते, औषधाचा फवारा मारते, तोंडाला फडकं बांधून वैरण घालते. पहिल्या दिवशी तोंड उघडलं अन् नाकातली हवा तोंडावाटे भसाभसा बाहेर आली. हनुवटीला बांधायची पट्टी दिली होती, ती लावली. दात दुखल्यासारखा अवतार. वीज गेली की मशीन बंद पडायचं, तर शहादेवनी दुकानातली बॅटरी आणून जोडली.

नाकावरची जखम सुकतेय.

१४ एप्रिल

जयंती. निळा झेंडा, बुद्धवंदना, मग तीन वक्ते. गेल्या वर्षी मी दुसऱ्या वक्त्याला घोरले होते अन् सासूबाई वर्षभर मला बोलत होत्या. यंदा तिन्ही भाषणं ऐकली. तिसरं फारच वाईट होतं. जागं राहिल्याचा हा तोटा.

सकाळी उठते तेव्हा डोकं दुखत नाही. हे मी लिहितेय अन् खोटं वाटतंय. किती वर्षं दुखत होतं? मला वाटायचं, बाईचं डोकं असंच असतं.

शहादेवही सुधारलेत. उंबऱ्यावर बसणं बंद, घरात गाढ झोपतात, दिवसभर दुकान उघडं. छावणीच्या जनरेटरचं काम मिळालंय, त्याचा परिणाम असावा. माणसाला काम पाहिजे.

२२ एप्रिल

जागेपणी दिसायला लागलं ते हे.

छावणीतून मालनबाई आली. तिची म्हैस तिथं बांधलेली. म्हणाली, "ताई, हौदात शेवाळ हाय, पानी न्हाई. अन् तुमच्या बोअरवरून टँकर भरून हमरस्त्याकडं जायलेत."

"रोज?"

"दिवसाढवळ्या. ड्रायव्हरला इचारलं तर म्हणला, ढाब्यावाल्यांचं हाय."

मी स्वतः गेले. आवाराच्या फाटकाशी उभी राहिले. टँकर भरत होता. मोटार आमची, वीजबिल आमचं, पाणी आमचं. छावणीत शंभर पावलांवर जनावरं जीभ काढून उभी. ड्रायव्हरला अडवलं तर हसला. "तुमच्याच ठरावानं हाय की, अध्यक्षबाई."

मालनबाईची म्हैस आज दुपारी गेली. गाभण होती.

मला आज झोपायचं नाही, असं वाटलं. मग लक्षात आलं, त्यांना तेच पाहिजे. मास्क लावते अन् झोपते.

६ मे

आज खास बैठक बोलावली होती. विषय एकच, बोअरचा ठराव रद्द करणं. आबासाहेब सभासद नसताना येऊन तुळजाबाईंच्या शेजारी बसले. बाया सरकून बसल्या. मी बोलले.

"आबासाहेब, तुमी बाहेर बसा."

"मी नुसता ऐकायला—"

"बाहेर ऐकू येतं."

गेले. पण जाताना दारात थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा बायांनो, आता परत झोपल्या तर उठवा त्यांना."

दोघी-तिघी हसल्या. मी हसणं संपेपर्यंत थांबले.

"मी झोपले होते. खरंय. मला आजार हाय, झोपेत श्वास थांबतो, मी मशीन लावते. नाकावरचा डाग त्याचाच. नवऱ्यानं मारलेलं न्हाई. कुणाला हसायचं आसंल तर हसून घ्या." कुणी हसलं नाही. "आता मला सांगा, मी झोपलते, तुमी तर जाग्या होताव. मंग हात कावून वर केले?"

उत्तरेश्वर पेनाचं टोपण काढत होते, घालत होते.

पहिली छबुबाई बोलली. प्लास्टर अजून हाताला होतं. "मला वाटलं, अध्यक्षच गप हाय तर चालतंय म्हून."

"मला ह्यांनी घरूनच सांगून धाडलं," साखराबाई म्हणाली.

मालनबाई संचालक नाही, सभासद आहे. तरी मागून उठली. "माजी म्हैस त्या हौदाजवळ मेली. पानी शंभर पावलांवर व्हतं. आता हात वर करताना माज्याकडं बगा."

मत घेतलं. ठराव रद्द झाला, अगदी काठावर. तुळजाबाईंचा हात खालीच होता. नजर सारखी दाराकडं, बाहेर नवरा काय करतोय तिकडं.

११ मे

चावी आली. मोटार सुरू केली. आधी हवा आली, मग चिखल, मग करंगळीएवढी धार. तीही थांबली.

उपसून संपवलं. तीन महिने. मी भिंतीवर मास्क फेकत होते, दुकानदाराशी भांडत होते, तेवढ्या काळात गावाचं पाणी रस्त्यावरच्या ढाब्यांत भांडी धुवायला गेलं. योग्य मास्क पहिल्या दिवशी मिळाला असता तर? हा प्रश्न मी कुणाला विचारू? त्या दुकानदाराला? त्याला बोअर म्हणजे काय तेही सांगावं लागेल.

सगळ्या जणी नळाकडं बघत उभ्या होत्या. कुणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तहसीलदारांकडं तक्रार दिली. सह्या तुळजाबाई सोडून सगळ्यांच्या. साखराबाईची पण, घरी न विचारता.

९ जून

आज दुपारी तुळजाबाई आल्या. एकट्या, पायी, उन्हाच्या. आमच्या वाड्यात त्या कधी आल्या नव्हत्या. दारात उभ्या राहिल्या. मी आत या म्हटलं नाही.

"ते मशीन..." म्हणाल्या. "कुठं मिळतं?"

"कुणाला पाहिजे?"

"ह्यांना. काल गाडी चालवताना डोळा लागला. माजलगावच्या रस्त्याला. झाडाला घासली गाडी. मी शेजारी होते." मागं वळून बघितलं, मग म्हणाल्या, "घोरतात अन् मधीच गप पडतात. कुणाला सांगू नका."

माझ्या मनात काय काय आलं ते लिहिते, कारण ही वही माझी आहे. आलं की राखीव जागेबद्दल विचारावं. आलं की परवा तहसीलला सुनावणी आहे, तिथं टँकरचं खरं सांगा, मग पत्ता देते. आलं की दार लावावं. मालनबाईची म्हैस आली डोळ्यांसमोर, पोट फुगलेली.

मी आत गेले, डॉक्टरबाईंचा नंबर आणला अन् दिला.

"तपासणी आधी करा. बीडच्या दुकानातून खोक्यातला पहिला मास्क उचलू नका. चेहरा मोजायला लावा. आडवं झोपवून, मशीन चालू करून, कुशीवर वळवून बघा. मिशी हाय त्यांना, त्या फटीतून हवा सुटंल, ते आधीच सांगा. पट्टे आवळून काही होत न्हाई. अन् पहिल्या आठवड्यात फेकून दिला तर उचलून परत द्या."

त्यांनी नंबर पदराच्या गाठीत बांधला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"जावा," मी म्हटलं. "ऊन लई हाय."

शहादेव म्हणाले, "दिलास नंबर?" मी म्हटलं, दिला. त्यांना वाटलं मी निवळले. निवळले नाही. परवा सुनावणीला आबासाहेब समोर असतील. पेंगत बसले तर मी तहसीलदारांना थांबायला सांगणार आहे, आबासाहेबांना तोंडावर पाणी मारून घ्या म्हणणार आहे. समोरचं माणूस झोपलेलं असताना काम उरकून घेणं त्यांना जमतं. मला ते जागे पाहिजेत.